मळू द्या हो!

ताईंच्या पिशवीत न विचारता हात घालू नये. माझ्या बायकोने एकदा पेन शोधायला घातला आणि काडेपेटीत ठेवलेल्या मृगाच्या किड्यासकट बाहेर काढला. पिशवीत काय नसतं? शिरीषाच्या वाजणाऱ्या शेंगा, सागरगोटे, सुतळीचा गुंडा, भिंग, आयोडीनची बाटली आणि निरनिराळ्या मापांच्या कोरड्या चड्ड्या. या चड्ड्या कोणाच्या, ते ताईंनाही ठाऊक नाही. ज्याची ओली होईल त्याची.

वय सत्तरीच्या पुढे, पातळाचा ओचा घट्ट खोचलेला, जन्मभर बालवाडी चालवलेली, निवृत्ती फक्त कागदावर. सकाळी आमच्या सोसायटीमागच्या मोकळ्या प्लॉटवर, आंब्याखाली, त्यांची शाळा भरते. छप्पर नाही, फी नाही, गणवेश नाही. हजेरी आहे, पण तीही अशी की आल्यावर प्रत्येकाने एक चिंचोका डब्यात टाकायचा. सुटताना डबा ओतून मोजायचा. चिंचोके आणि डोकी जुळली की घरी. एकदा एक चिंचोका जास्त निघाला, तेव्हा ताईंनी अर्धी कॉलनी पालथी घातली होती. पोरगं आजीबरोबर केव्हाच घरी जाऊन वरणभात खात बसलं होतं.

अशा बायका तुम्हीही पाहिल्या असतील. त्यांना भिंतीचं वावडं असतं. लग्नाच्या हॉलमध्येही ताई आत बसत नाहीत. मांडवाच्या मागे चार पोरं जमवून पांगाऱ्याची बी फरशीवर घासून कशी तापते ते दाखवत असतात. मग मुंजीतल्या बटूपासून नवरदेवाच्या काकांपर्यंत सगळे एकमेकांना चटके देत हिंडतात. ताईंबरोबर दूध आणायला जाऊ नये, हे मी अनुभवाने सांगतो. गुलमोहराखाली त्या थांबतात, कळ्या उकलून केसरांच्या झुंजी लावतात, आणि आपण हरलो तर पुन्हा लावतात.

नव्या आयांशी त्यांचे संवाद ठरलेले.

“ताई, सर्दी होईल.”

“होईल. मग बरीही होईल.”

“कपडे फार मळतात हो.”

“मळू द्या हो! पोर धुता येतं, कपडेही धुता येतात.”

“पण एबीसीडी कधी सुरू करणार?”

इथे ताई चष्म्यावरून बघतात. “आज त्याने बारा मुंगळे मोजले. तीन बिळात गेले तर किती उरले, तेही सांगितलं. तुम्ही मुंगळे मोजलेत का कधी?”

वाचून वाटेल, बाई बेफिकीर आहे. अजिबात नाही. गुंज आणि कण्हेर या दोन गोष्टींबाबत त्या हवालदाराहून कडक. गुंजेची बी दिसायला लाल-काळी, गोजिरी, पण चावली गेली तर जिवावर बेतते. म्हणून प्लॉटच्या कुंपणावरचा वेल त्यांनी स्वतः मुळासकट उपटला. पाऊस आला तर शाळा चालू, पानांच्या होड्या चालू. ढगांचा पहिला गडगडाट ऐकला, की अख्खी वरात पार्किंगमध्ये. तिथे सेक्रेटरींच्या गाडीवर चिखलाचे पंजे उमटतात, तो विषय वेगळा.

“आम्ही कोसबाडला असताना...” असं त्यांनी सुरू केलं, की गॅस बारीक करून यावं. तरुणपणी त्यांनी तिथे बालवाडीचं प्रशिक्षण घेतलं. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीत बालशिक्षणाचं काम मांडलं, अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या आणि पुढे सगळं बिऱ्हाड कोसबाडच्या टेकडीवर गेलं, हे आमच्या इमारतीतल्या लिफ्टमनलाही पाठ आहे. हरिजन वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. वारल्यांची पोरं गुरांमागे जायची, तर शाळा कुरणात भरवली. माँटेसरीची महागडी साधनं कुठून आणायची? मग शंख-शिंपले, गोटे, बिया, पानं. “पोर येत नाही म्हणून पोराला नावं ठेवायची नाहीत, आपण उठायचं,” हे ताईंचं त्यावरचं भाष्य. ते म्हणताना त्या खरोखर उठतात.

त्यामुळे त्यांच्या आंब्याखाली कोण कोण असतं! वॉचमनची मुलगी, शेजारच्या बांधकामावरच्या मजुरांची दोन, तिसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरांचा नातू. कमिटीने एकदा आक्षेप घेतला, की बाहेरची मुलं येतात. ताई म्हणाल्या, “आम्ही सगळेच बाहेर बसतो. आतलं कोण?” ठराव पुढच्या बैठकीवर ढकलला गेला तो आजतागायत तिथेच आहे.

एक मुलगा आहे, त्याला गोंगाट सोसत नाही. आधीच्या शाळेच्या वर्गात पंखा, घंटा आणि चाळीस मुलांचे पाढे एकदम आदळले, की तो कान दाबून किंचाळायचा. इथे आवाज वाऱ्यावर निघून जातात, आणि नाहीच गेले तर आंब्यामागे एक कोपरा त्याचा आहे. ताईंनी तिथे नियम वगैरे केला नाही. मुलांनीच विटांची ओळ लावली आणि आत जायचं तर विटेवर टकटक करायची असं ठरवलं. तो कधी “ये” म्हणतो, बहुतेक वेळा म्हणत नाही.

दुसरा वॉकर घेऊन चालतो. त्याची आई पहिल्या दिवशी डोळ्यांत पाणी आणून कठड्याशी उभी. आठवड्याभरात वॉकरची बैलगाडी झाली, तिच्यावर करंजाच्या शेंगांचा माल लादला गेला आणि “माझा नंबर! माझा नंबर!” म्हणून मारामारी जुंपली. मालकाने वॉकर भाड्याने द्यायला सुरुवात केली. दर, एका फेरीला दोन सागरगोटे. आई तक्रार घेऊन आली, की हा आता घरी सगळ्यांकडून सागरगोटे मागतो.

सध्या ताईंना वाळूचा हौद हवा आहे. कमिटीत दोन तास चर्चा झाली. मांजरांचं काय? रात्री ताडपत्री. वॉकरवाल्याचं काय? हे मात्र कोणी विचारलं नव्हतं, ताईंनीच सांगितलं: कठडा बसता येईल एवढा रुंद, म्हणजे त्यावर टेकून त्याला आत पाय सोडता येतील. उंचीचं माप त्यांनी सुतळीला गाठ मारून पिशवीत ठेवलं होतं. रविवारी वाळूचा ट्रॅक्टर आला, मी फक्त बघायला खाली उतरलो आणि माझ्या हातात चाळणी आली.

“खडे वेगळे काढा,” ताई म्हणाल्या. “आणि ती पॅन्ट जपू नका हो, मळू द्या.”