कर्नलसाहेबांचे वारसदार

दिल्ली, गुरुग्राम आणि नोएडा या पट्ट्यात बड्या पगारावरून निवृत्त झालेल्यांचा जो वर्ग नांदतो, त्यात ‘कॅम्पेन फर्निचर’चा शौकीन हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. कॅम्पेन फर्निचर म्हणजे कंपनी सरकारचे आणि पुढे राणी सरकारचे गोरे अधिकारी मोहिमेवर किंवा बदलीच्या गावी नेत ते सुटे होणारे सामान. त्यातील खणांची पेटी आडवी दुभंगून तिचे दोन भाग होत, पाय पिळून काढता येत आणि पितळी कड्या लाकडात खोल बसवलेल्या असत, कारण बाहेर आलेली कडी उंटाच्या पाठीवरील दोरखंडात अडकण्याची धास्ती असे. रुडकीच्या लष्करी ठाण्यावरून नाव पडलेली ‘रुडकी खुर्ची’ तर सरस वा खिळा न वापरता केवळ लाकडी दांडे, चामडी पट्टे आणि कॅनव्हास यांच्या ताणावर उभी राहते, त्यामुळे खाचखळग्यांच्या जमिनीवरही तिचे चारही पाय टेकतात. शौकिनाच्या दिवाणखान्यात ती गुळगुळीत इटालियन मार्बलवर विराजमान असते आणि तिच्यावर बसण्यास पाहुण्यांना मज्जाव असतो.

घटकाभरात आवरून बैलगाडीवर चढावी म्हणून घडवलेली पेटी एकदा सतराव्या मजल्यावर पोहोचली की रंगाऱ्यालाही ती तसूभर हलवू दिली जात नाही. पितळेवर चढलेली काळी झाक हेच तिचे वैभव, असे शौकीन मानतो. घरातील आजी मात्र दिवाळीपूर्वी चिंच लावून ते वैभव लख्ख करतात, आणि खरे पाहता मूळ मालकाचा नोकरही पितळ घासतच असावा.

हा मूळ मालक नेहमी कर्नलच असतो. अमर कॉलनीच्या जुन्या सामानाच्या बाजारात लेफ्टनंटाची पेटी सहसा भेटत नाही, मग हमाल तर दूरच. वस्तुतः अधिकाऱ्याला असले सामान बहुधा पदरमोड करून घ्यावे लागे आणि तो वारला की त्याच्या चीजवस्तूंचा लिलाव पलटणीतच होई, त्यामुळे एकाच पेटीला अनेक धनी लाभत. परंतु एवढी गुंतागुंत विक्रेत्याला परवडत नाही. पेटीच्या वयाबाबत मात्र तो लवचिक असतो. गुरुग्रामच्या गिऱ्हाइकाला जी पेटी तो 1857 ची म्हणून दाखवतो, तीच मायदेशी परतणाऱ्या परदेशी गिऱ्हाइकासमोर जेमतेम नव्वदीची होते, कारण शंभर वर्षांहून जुनी पुरावस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेण्यास 1972 च्या कायद्याने बंदी आहे.