शपथेवर रिकामटेकडा

नागपुरात नोकरी करणाऱ्या पोराने घरी नुसतं म्हणून पाहावं, "परत शिकावं म्हणतो." अर्ध्या मिनिटात डॉ. श्रीकांत जिचकार हजर. काका असोत, मामा असोत की शेजारचे निवृत्त हेडक्लार्क, कोणाच्या ना कोणाच्या तोंडून ते येतातच. "अबे, जिचकार साहेबांनी वीस डिग्र्या घेतल्या. तुले एक झेपून नाही राहिली?" संपला विषय. पोरगा मोबाईलमध्ये डोकं घालतो, काका बशीत चहा ओततात.

पंचाईत अशी की जिचकारांचा हिशोब खरा आहे. काटोलकडच्या शेतकरी घरातला हा माणूस. एमबीबीएस, एमडी, मग कायदा, मग व्यवस्थापन, पत्रकारिता, दहा विषयांत एम.ए., वर संस्कृतात डी.लिट. 1973 ते 1990 या काळात विद्यापीठाच्या 42 परीक्षा दिल्या. उन्हाळी झाली की हिवाळी, हिवाळी झाली की उन्हाळी. मधल्या वेळात आयपीएस झाले आणि सोडलं. आयएएस झाले, तेही चार महिन्यांत सोडलं आणि 1980 साली पंचविशीत काटोलचे आमदार झाले. पुढे मंत्री, राज्यसभा, घरात हजारो पुस्तकांचं ग्रंथालय. 2 जून 2004 ला कोंढाळीजवळ मोटार अपघातात गेले तेव्हा पन्नाशीही गाठली नव्हती.

काका एवढं सांगतात आणि थांबतात. मधलं वाक्य गिळतात. जिचकारांनी हातातली आयपीएस सोडली, आयएएस सोडली. पुतण्याने उद्या नगर परिषदेतली क्लार्की सोडतो म्हटलं तर हेच काका बीपीची गोळी मागतील. जिचकारांकडून घ्यायचं तर ते धाडस घ्यावं. आपण नुसता वीसचा आकडा घेतला, कारण आकडा दुसऱ्याच्या अंगावर फेकता येतो.

आणि 42 परीक्षांचं म्हणाल, तर आता तेही तेवढं भारी राहिलं नाही. तेव्हा परीक्षा वर्षाची असायची. आता सेमिस्टर आहे. बी.ए.चे सहा, एम.ए.चे चार, एलएलबीचे सहा. तीन पदव्यांत सोळा परीक्षा झाल्या की हो, आणि प्रत्येकीबरोबर अंतर्गत गुण, असाइनमेंट, प्रेझेंटेशन. तेव्हा एक बरं होतं. तलाठी, मास्तर, बाबू मंडळी फॉर्म भरायची, रात्री घरी वाचायची आणि एक्स्टर्नल म्हणून मे महिन्याच्या उन्हात कूलर नसलेल्या हॉलमध्ये पेपर लिहून यायची. विद्यापीठाला त्यांचं तोंड वर्षातून एकदाच दिसायचं आणि दोघांचीही त्याला हरकत नव्हती. आता अंतर्गत गुणांसाठी तोंड दाखवावं लागतं. तेही सकाळी अकरा वाजता, म्हणजे साहेबालाही तुमचं तोंड नेमकं तेव्हाच पाहायचं असतं.

माझ्या ओळखीतला एक पोरगा आहे. सत्तावीस वर्षांचा, विमानतळाजवळच्या मिहान प्रकल्पातल्या एका कंपनीत, शिफ्ट दुपारी दोन ते रात्री अकरा. त्याला अर्थशास्त्रात एम.ए. करायचंय. कारण विचारलं तर म्हणाला, "आवडते म्हणून." नागपुरात असं उत्तर दिलं की लोक आधी घरचं सगळं ठीक आहे ना, ते विचारतात.

एका कॉलेजात गेला. खिडकीतल्या बाईंनी मार्कशीट पाहिली, बोटावर वर्षं मोजली आणि म्हणाल्या, "गॅप सर्टिफिकेट आणा." म्हणजे मधली वर्षं कुठे गेली याचं शपथपत्र. मग सिव्हिल लाइन्स, जिल्हाधिकारी कार्यालयाच्या बाहेर छत्रीखाली लॅपटॉप घेऊन बसलेला टायपिस्ट. मी सोबत होतो, म्हणून सांगतो.

"गॅप किती वर्साचा हाय?"

"पाच."

"पाच वर्सं काय करून राहिले होते?"

"नोकरी."

कीबोर्डावरची बोटं थांबली. "ते नका लिहू भाऊ, लफडं होते. मी लिवतो, घरीच होतो अन् कुठंच अ‍ॅडमिशन घेतली नाही. सगळे तेच लिवतात." आणि लिहिलं. तयार मसुदा होता, फक्त नाव आणि सन बदलायचं.

तर पाच वर्षं पीएफ कापून देणारा, आयकर भरणारा, घराचा अर्धा किराणा उचलणारा हा इसम सत्यप्रतिज्ञेवर रिकामटेकडा ठरला. देशात बेरोजगारी किती यावर तज्ज्ञांची भांडणं होतात. त्यांनी एकदा ही शपथपत्रं मोजावीत, आकडा छप्पर फाडून जाईल. शाळा-कॉलेजच्या दाखल्यांसाठी लागणाऱ्या शपथपत्रावरचा 500 रुपयांचा मुद्रांक माफ असल्याचं महसूल खात्याने 2025 मध्ये सांगितलं. महसूलमंत्री आपल्याच जिल्ह्याचे, आभार मानू. टायपिंगचे, नोटरीचे आणि बुडालेल्या अर्ध्या दिवसाचे पैसे कोणी माफ केलेले नाहीत.

खरं तर कागदावर पाहिलं तर नोकरदार विद्यार्थ्याइतका लाडका दुसरा कोणी नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल 2022 मध्ये सांगितलं, एकाच वेळी दोन पदव्या करा. आपल्याला एकीसाठी वेळ मिळेना आणि यांनी दुसरीची परवानगी आधीच देऊन ठेवली. नवं शैक्षणिक धोरण म्हणतं, केव्हाही या, केव्हाही जा. एक वर्ष करून सोडलं तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी, चार केली तर ऑनर्स. तुमचे क्रेडिट बँकेत जमा. क्रेडिट बँकेत आहेत हो, पण सीएल शिल्लक नाही, त्याचं काय?

तंत्रशिक्षण परिषदेने 2023 मध्ये नोकरी करणाऱ्या डिप्लोमावाल्यांसाठी वेगळे वर्ग आणले. सोयीच्या वेळेला शिका म्हणाले. त्यातही अट होती, एक वर्षाचा अनुभव हवा आणि कारखाना कॉलेजपासून 50 किलोमीटरच्या आत हवा. हिंगणा आत बसतं, बुटीबोरीही बसते. हे मात्र मनापासून चांगलं केलं. कोणीतरी दिल्लीत बसून, कामगार संध्याकाळी थकून येतो आणि त्याला बसने घरी जायचं असतं, एवढा विचार केला. मी टीका करायला टपून बसलेला माणूस आहे, तरी इथे पेन खाली ठेवतो.

पेन उचलायला कायदा आहेच. नागपुरात निम्म्या सरकारी बाबूंच्या मनात एक काळा कोट टांगलेला असतो. 'निवृत्तीनंतर कामाला येईल' म्हणून एलएलबी. आता बार कौन्सिलचे नियम पाहा. कायद्याचं शिक्षण पत्राने नाही, दूरस्थ नाही. वर्ग सकाळी आठ ते संध्याकाळी सातच्या आतच घ्यायचे. हजेरी 70 टक्के. सप्टेंबर 2024 च्या परिपत्रकात भर पडली: नोकरी करत असाल तर सांगा, मालकाचं ना-हरकत आणा, हजेरी अंगठ्याने लावा. अंगठा आला म्हणजे मित्राच्या आवाजातला 'येस सर' गेला. तरीही लॉ कॉलेज चौकातून दर वर्षी ढिगाने नोकरदार वकील बाहेर पडतात. ऑफिसात एक अंगठा आणि वर्गात दुसरा, अशी काही सोय असेल तर मला ठाऊक नाही. न्यायाचा विषय आहे, जास्त खोलात जाऊ नये.

उरलं मुक्त विद्यापीठ. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 मध्ये सुरू झालं ते याच माणसासाठी. राम ताकवले पहिले कुलगुरू. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद. घरपोच पुस्तकं, सुटीच्या दिवशी संमंत्रण वर्ग, गृहपाठ. कंडक्टर, नर्स, पोलीस शिपाई, लग्नात शिक्षण सुटलेल्या बाया, किती जणांना या विद्यापीठाने पदवीधर केलं. पण लग्नाच्या बाजारात आणि मुलाखतीच्या खोलीत भुवई वर जाते ती जातेच. "मुक्तमधून का?" सप्टेंबर 2022 मध्ये अनुदान आयोगाने परत एकदा खुलासा केला, मान्यताप्राप्त दूरस्थ आणि ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे. आयोगाने विद्यापीठांना कळवलं, आत्याबाईंना कळवायचं राहिलं. मला या भुवईचं नवल वाटतं. नियमित पदवी म्हणजे काय गंगेत धुतलेली? 1999 मध्ये याच शहरात बोगस गुणपत्रिकांचा घोटाळा उघडकीस आला, तेव्हा ज्यांचे गुण वाढले ते काही मुक्त विद्यापीठाचे नव्हते.

आता शिव्या विद्यापीठाला घालून झाल्या, थोड्या आपल्यालाही घालू. परत शिकायची हुक्की आपल्याकडे एप्रिलमध्ये येते. का? तर अप्रेझलचं पत्र एप्रिलमध्ये येतं. पगारवाढ चिमूटभर झाली की ज्ञानाची तहान लागते. मे महिना चौकशीत, जून तर्री पोह्यांच्या ठेल्यावर मित्रांशी चर्चेत, जुलैत ऑनलाइन फॉर्म अर्धा भरून होतो, ऑगस्टमध्ये फॉर्मची तारीख वाढते आणि सप्टेंबरमध्ये साहेब दोन शब्द गोड बोलतो. संपलं शिक्षण. साहेबावर रुसून विद्यापीठात जाणाऱ्याला विद्यापीठातही एक साहेब भेटतो, आणि त्याला तर पगारसुद्धा आपणच भरायचा असतो.

दुसरे आपले बायोडाटावाले. 'एम.बी.ए. (अपिअरिंग)'. हे अपिअरिंग लग्न ठरेपर्यंत चालतं. लग्नानंतर कोणी निकाल विचारत नाही, विचारला तर तो बायकोने विचारायचा असतो आणि तिचंही एम.कॉम. अपिअरिंगच असतं. तिसरे अभ्यासिकेवाले. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करताना 'रिकामा आहे' म्हणायची लाज, म्हणून एम.ए.ला नाव टाकून ठेवायचं. त्यांना मी हसणार नाही. कोणालातरी घरी उत्तर द्यायला एक ओळखपत्र लागतं, ते विद्यापीठ स्वस्तात देतं.

पण पूर्णवेळ एम.बी.ए.साठी नोकरी सोडायला निघालेल्यांनी एकदा वहीत आकडे मांडावेत. पगार 25 हजार असेल तर दोन वर्षांचे सहा लाख फी भरायच्या आधीच गेले. कर्ज काढलं तर व्याजावर करसवलत आहे, आठ वर्षं मिळते, पण फक्त जुन्या कररचनेत. कंपनीने तुम्हाला नवीनमध्ये टाकलं असेल तर तीही नाही. आणि ज्या कॉलेजात जाताय तिथून बाहेर पडलेला गेल्या वर्षीचा पोरगा शोधा. प्लेसमेंटच्या फ्लेक्सवरचा नको, त्याला कॉलेज सांभाळतं. फ्लेक्सवर नसलेला शोधा. मिहानच्या अंगणात 2015 पासूनचं आयआयएम आहे, ते दिसतं म्हणून आपल्या गल्लीतली सगळीच एम.बी.ए. तशी होत नाहीत.

मग जावं की नाही? माझं मत विचाराल तर, साहेबासाठी जाऊ नका, सोयऱ्यांसाठी जाऊ नका, जिचकारांसाठी तर मुळीच जाऊ नका. ज्याला पदवीशिवाय पुढची खुर्ची कायद्यानेच मिळत नाही, मग तो नर्स असो, मास्तर असो की डिप्लोमा इंजिनिअर, त्याने विचार करत बसू नये, या वर्षीच फॉर्म भरावा. आणि ज्याला तो विषय खरंच आवडतो त्याने जावं, मग पदवी अर्धी राहिली तरी चालेल. बाकीच्यांनी तेवढे पैसे एखाद्या चांगल्या कोर्सला द्यावेत, किंवा झोपावं. नोकरदार माणसाची झोप हीसुद्धा या शहरात दुर्मीळ पात्रता आहे. तसंही ज्यांचं नाव 2005 पासून आपल्या विद्यापीठाला आहे, ते राष्ट्रसंत तुकडोजी महाराज शाळा फारशी शिकलेले नव्हते. त्यांनी ग्रामगीता लिहिली आणि आपण त्यावर पीएच.डी. करतो.

माझ्या त्या पोराने फॉर्म भरला. त्याचे वर्ग साडेअकराला सुरू होतात, दीडला तो मेट्रोत बसतो, दोनला कामावर. मधे जेवण नाही. झोपतो रात्री एकला. हे दोन वर्षं निभेल का, मला सांगता येत नाही. पण त्याच्या हजेरीचा प्रश्न त्याच्या जिद्दीने सुटणार नाही, वेळापत्रकाने सुटेल.

म्हणून एक विनंती, कुलगुरूंना. 4 ऑगस्ट 1923 ला सहा कॉलेजं आणि 927 विद्यार्थी घेऊन निघालेलं विद्यापीठ शंभरी ओलांडून गेलं. जानेवारी 2023 मध्ये आपण इंडियन सायन्स काँग्रेस भरवली, देशभरची माणसं जेवू घातली. एवढा मांडव घालणाऱ्यांना या पोरासारख्या दुपारपाळीवाल्यांसाठी सकाळी आणि दिवसपाळीवाल्यांसाठी संध्याकाळी सहा ते नऊ चार खोल्यांचे दिवे लावणं जड नाही. मेट्रो रात्री दहापर्यंत धावते. रविवारी फॉर्मची एक खिडकी उघडी ठेवा. आणि त्या गॅपच्या शपथपत्रात 'नोकरी करत होतो' असं लिहायला एक ओळ छापून द्या.