पिशवीतली सज्जता

आपत्कालीन संच, म्हणजे संकटात घर सोडताना हाताशी असावी अशी पाणी, कोरडे अन्न, औषधे, विजेरी, शिटी आणि कागदपत्रांची पिशवी, किमान तीन दिवस पुरावी असा तज्ज्ञांचा आग्रह असतो. मराठवाड्यातल्या ढोकीसारख्या गावात मात्र आठवड्याचे पाणी पिंपांत साठवणे ही सज्जता नसून गृहकृत्य असते आणि कडक भाकरी व शेंगदाण्याची चटणी ‘आपत्कालीन’ म्हणवून घेण्याइतकी दुर्मीळ नाही. अडचण उरते ती इतर वस्तूंची. विजेरीचे सेल भिंतीवरच्या घड्याळात गेलेले असतात, कागदपत्रे ज्या लोखंडी पेटीत असतात तिच्यावर गाद्यांची रास असते आणि किल्ली पुण्याला गेलेल्या थोरल्या मुलाकडे असते. अर्थात हे सर्व ‘सुरक्षित’ असते.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद हे जिल्हे हादरले, तेव्हा हजारो माणसे दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर दिलेले छप्पर, यांखाली झोपेतच दबली. त्यांना पिशवी उचलण्याची सवड मिळाली नव्हती. तरीही सज्जतेची चर्चा पिशवीपाशीच रेंगाळते, कारण पिशवी दुपारभरात भरता येते आणि भिंत बांधायला खर्च येतो. तेव्हा यादीतील पहिली वस्तू गवंडी असावी. शिटी नंतर घेतली तरी चालेल.