लाइन आणि पार्टी

इंग्रजीत सगळ्यात जास्त अर्थ कोणत्या शब्दाला, यावर तिकडे मोठी चुरस चालते. ऑक्सफर्डच्या थोरल्या कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत 'सेट' हा शब्द ४३० अर्थ पोटाशी धरून गादीवर बसला होता. पुढे पीटर गिलिव्हर नावाच्या संपादकाने 'रन' हे क्रियापद हातात घेतलं, त्यात नऊ महिने घातले आणि त्याचे ६४५ अर्थ लावून दिले. २०११ मध्ये ही बातमी फुटली आणि 'सेट' गादीवरून उतरला. चिकाटीला सलामच. पण गिलिव्हरसाहेब बसले होते ऑक्सफर्डात. सकाळी दोन तास आमच्या रायगडातल्या लोधिवलीच्या नाक्यावर चहाच्या टपरीत बसले असते, तर 'सेट' आणि 'रन' दोघांनाही घरी पाठवून त्यांनी 'लाइन' आणि 'पार्टी' यांची जोड लावली असती.

आधी लाइन घेऊ, कारण आमच्याकडे आधी तीच जाते. 'लाइन गेली' ही पावसाळ्याची पहिली खूण, बेडूक मागाहून ओरडतात. ही लाइन म्हणजे वीज. तिला परत आणणारा तो लाइनमन. त्याला फोन करावा तर लाइन लागत नाही. लागलीच तर तो म्हणतो, "लाइनवरच हाय." फोनच्या की खांबाच्या, हे विचारेपर्यंत लाइन कट.

वास्तविक विजेच्या बाबतीत आमचा खालापूर तालुका चांगला जुना. खोपोलीला टाटांचं वीजघर सुरू झालं १९१५ साली. घाटावरच्या तळ्यांचं पाणी पाइपातून खाली आणायचं, त्यावर चक्रं फिरवायची आणि झालेली वीज तारांवरून मुंबईच्या गिरण्यांना धाडायची. तेव्हापासून लाइन इथूनच जाते आहे. अलीकडे मोरब्याच्या धरणाचं पाणी नवी मुंबईला जातं, तीही लाइनच, फक्त जमिनीखालची. एक लाइन डोक्यावरून जाते, दुसरी पायाखालून जाते आणि मधल्या मजल्यावर आम्ही 'लाइन गेली, लाइन गेली' करत बसतो. व्याकरणाने बघाल तर वाक्यात काहीच चूक नाही.

माणसांनाही लाइन असते. लग्नाच्या बोलणीत पहिला प्रश्न, "मुलगा कुठल्या लाइनला?" रसायनी-पाताळगंगेच्या पट्ट्यात उत्तरं ठरलेली: केमिकल लाइन, ट्रान्सपोर्ट लाइन, नाहीतर सिक्युरिटी लाइन. ट्रान्सपोर्टवाला घरी नसेल तर तो 'लाइनवर गेलेला' असतो, म्हणजे ट्रक घेऊन चार दिवस बाहेर. "कॉलेजात नुसती लाइन मारायचा, आता बरा लाइनला लागला," असं एक आई शेजारणीला सांगत होती. मारण्याची लाइन आणि लागण्याची लाइन यांच्यामध्ये केवढं तरी आयुष्य जातं, ते त्या माउलीने अर्ध्या वाक्यात उरकलं.

एका दवाखान्यात आमच्या नात्यातल्या म्हाताऱ्या आजीला सलाइन चालू होतं. हाताला सूज आली म्हणून नर्सबाई दुसऱ्या नर्सला म्हणाल्या, "आजींची लाइन गेलीये, नवी लावायला हवी." आजीने डोळे किलकिले केले, वर फिरणाऱ्या पंख्याकडे बघितलं आणि म्हणाली, "माझीच कशी गेली गं? पंखा तर चालू हाय."

आता पार्टी. कर्जत-खालापुरात जमिनीचे व्यवहार सुरू झाल्यापासून या शब्दाने जे बाळसं धरलंय त्याला तोड नाही. पार्टी म्हणजे गिऱ्हाईक. माणूस कितीही मिशाळ, शंभर किलोचा, गळ्यात साखळदंडाएवढी चेन घातलेला असो. तो जमीन बघायला आला की त्याचं तात्काळ स्त्रीलिंग होतं. पार्टी येते, पार्टी बांधावरून चालते, पार्टीला दम लागतो, पार्टी विचारते, "इर्शाळगड दिसतो ना इथून?" गड दिसला की गुंठ्याचा भाव चढतो. दुपारी पार्टी गरम असते, संध्याकाळी थंड पडते आणि टोकन द्यायच्या दिवशी फिरते. भाद्रपदात तर सगळे दलाल हात चोळत बसतात, कारण पक्षात पार्टी येत नाही. मराठीतला जुना 'पक्ष' बहुतेक सगळीकडे पार्टीने गिळला, पितृपंधरवड्यात तेवढा तो अजून तिला अडवून धरतो.

जमीन विकायची तर सातबारा आला, सातबारा आला की चुलते आले, आणि चुलते आले की कोर्ट. तिथे पार्टीचा अर्थ निराळा. "काकाने मला पार्टी केलं" हे वाक्य पुण्याच्या भाच्याने ऐकलं आणि "अरे वा, मला नाही बोलावलं!" म्हणाला. पुढच्या तारखेला त्यालाही बोलावणं आलं, समन्सने.

राजकारणातली पार्टी एके काळी सोपी होती. शेतकरी कामगार पक्षाचा लाल बावटा रायगडात घराघरांत रुजलेला, त्यामुळे माणूस पार्टीत असायचा किंवा पार्टीच्या विरोधात. आता कोण कुठल्या पार्टीत हे सकाळी पेपर बघून ठरवावं लागतं, आणि पेपर छापून होईपर्यंतही थोडी जोखीम राहतेच.

पण सगळ्यात खरी पार्टी थंडीतली, पोपटीची. वालाच्या शेंगा गच्च भरल्या की मडकं काढायचं. तळाला भांबुर्डीचा पाला, त्यावर शेंगा, खडेमीठ, ओवा. मध्ये अंडी, मसाला चोळलेली कोंबडी केळीच्या पानात गुंडाळून. परत शेंगा आणि तोंडाला पाला कोंबून मडकं शेतात उलटं ठेवायचं. भोवती गवत, काटक्या, गोवऱ्या रचून आग लावायची. शिजलं की नाही हे मडक्यावर पाण्याचे थेंब मारून, चर्र आवाज ऐकून ठरवतात, आणि ते ठरवणारा एक जाणता प्रत्येक आळीत असतो. त्याचा शब्द शेवटचा. पाण्याचा एक थेंबही आत नसतो, सगळं आपल्याच वाफेवर. भांबुर्डीचा तो उग्र वास दोन दिवस बोटांना राहतो. फार्महाउसवाल्या पार्ट्यांना एवढ्या लांबून बाटल्या घेऊन यायचं कळतं, पण बांधावरची भांबुर्डी त्या तण म्हणून उपटून टाकतात. याचा मला मनापासून राग आहे.

हे दोन शब्द आजवर आपापल्या वाटेने चालले होते. त्यांची गाठ घालून दिली रेल्वेने. पनवेल-कर्जत लोकलची नवी लाइन, २९.६ किलोमीटर; चिखले, मोहोपे, चौक ही मधली स्टेशनं; नढाळ, वावर्ले आणि किरवली असे तीन बोगदे, त्यातला वावर्ल्याचा तर अडीच किलोमीटरहून लांब. लाइन येणार म्हटल्यावर पार्टी आली. लाइनच्या या अंगाला एक भाव, त्या अंगाला दुसरा. ज्याची जमीन लाइनमध्ये गेली त्याच्याकडे पार्टी जात नाही, ज्याची लाइनला लागून राहिली त्याच्याकडे पार्ट्यांची लाइन.

गेल्या पावसाळ्यात टपरीवर या दोघींची टक्कर प्रत्यक्ष बघायला मिळाली. लाइन सकाळपासून गेलेली. बाकावर एक दलाल, एक कुठल्यातरी पार्टीचे कार्यकर्ते आणि आमचा लाइनमन. त्याने नुकताच सबस्टेशनला निरोप दिला होता की काम झालं, सप्लाय सोडा. तेवढ्यात दलालाचा फोन वाजला. नंबर बघून तो ताडकन उठला, एक हात फोनवर दाबून ओरडला, "गप बसा सगळे! पार्टी लाइनवर हाय!"

कार्यकर्ते दचकले. "आपली? कालपर्यंत तर भूमिका ठरली नव्हती."

लाइनमनचा चहा सांडला. "लाइनवर कोण चढलंय?" म्हणत त्याने मोबाइल कानाला लावला. "साहेब, थांबा, सोडू नका, लाइनवर माणूस हाय!"

"माणूस नाय रे, पार्टी!"

"म्हणजे किती जण हायेत?"

एवढं सगळं निस्तरून, लाइन तपासून, परत निरोप देऊन वीज यायला आणखी पाऊण तास गेला. दलालाच्या फोनची बॅटरी त्याआधीच बसली. पार्टी नढाळला जाऊन टोकन देऊन आली.