पहिला मालक, चालू कंडिशन

आमच्या खान्देशात सेकंड हँड मालाला कुणी नाक मुरडत नाही. ट्रॅक्टर जुना चालतो, मोटारसायकल जुनी चालते, विहिरीवरची मोटर तर जुनीच बरी म्हणतात. जळगावच्या सराफ बाजारात आजीच्या पाटल्या नेल्या तर घट कापून का होईना, सोन्याचा भाव मिळतो. सगळं नशीब फुटलंय ते पुस्तकाचं. ते घरातून निघालं की थेट रद्दीच्या काट्यावर.

म्हणून गावात जुन्या पुस्तकांचं दुकान काढा, असं मी पारावर सुचवलं. एका आबांनी विचारलं, ‘हाई वाचीसन काय करशी रे भो?’ दुसऱ्यांनी गावात वाचतं कोण, असा नेहमीचा सवाल टाकला. वाचतो की! भजीवाला वाचतो. दिवाळी अंकाचा गुळगुळीत कागद तेल पीत नाही, कादंबरीचा पितो, हा त्याचा अभिप्राय. इतकं रोखठोक परीक्षण आमच्या पुरवण्यांत छापून येत नाही.

इतिहासाचार्य राजवाडे तरी आयुष्यभर दुसरं काय करत हिंडले? लोकांच्या माळ्यावरची दप्तरं सोडवत. 1926 साली ते धुळ्यात वारले. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथं जुने कागद जपून आहे. आज असते तर वाड्यांच्या आधी त्यांनी रद्दीवाला गाठला असता.

साताऱ्याकडच्या भिलारला, स्ट्रॉबेरीच्या गावाला, सरकारनं 2017 साली पुस्तकांचं गाव केलं. मग आमच्या खान्देशातल्या केळीनं काय घोडं मारलंय? फक्त तिथं पुस्तक बसून वाचायचं असतं, फुकट. आपला माणूस फुकटच्याला हात लावून पुढं जातो. वीस रुपये मोजले की मात्र वसूल झाल्याशिवाय सोडत नाही. अमळनेरला 2024 च्या फेब्रुवारीत साहित्य संमेलन झालं. मांडव उठला, त्याबरोबर स्टॉलही उठले. दुकान असतं तर पुढच्या आठवडे बाजारालाही उघडं दिसलं असतं.

धंद्याची काळजी नको. पोलीस भरतीच्या गाइडवर दुकानाचं भाडं निघेल. पेन्सिलीनं रेघा मारलेलं, मध्ये एसटीचं तिकीट राहिलेलं गाइड. ‘हे ज्याचं होतं तो लागला’ एवढं सांगितलं की दुप्पट भाव. न लागलेल्याचं गाइड आमच्या दुकानात कधीच येणार नाही.