कारण सापडलं पाहिजे

"अण्णा, लॅपटॉप काय म्हणतो?" असं आमच्या आळीत कोणी दुसऱ्यांदा विचारत नाही. एकदा विचारून बसलेला माणूस पुढे महिनाभर खालच्या आळीतून वळसा घालून बाजारात जातो. कारण या प्रश्नाला अण्णांकडे 'बरा आहे' किंवा 'बंद आहे' असं सुटसुटीत उत्तर नसतं. उत्तर वाऱ्याच्या दिशेपासून सुरू होतं, जांभ्या दगडापाशी येऊन थांबतं, तिथे चहा होतो, आणि मग मूळ मुद्दा निघतो.

अण्णा २०१२ साली सरकारी खात्यातून निवृत्त झाले. कोणत्या खात्यातून, हे विचारू नये. विचारलं तर तेही सांगतात. अंगात गंजीफ्रॉक, कमरेला पंचा, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्यांच्या वडिलांच्या जानव्याला तिजोरीची किल्ली असे. अण्णांच्या जानव्याला बारीक स्टार स्क्रूड्रायव्हर असतो. संध्या करताना तो ताम्हनाला लागून टणकन वाजतो. काकू म्हणतात, "बरं आहे, वेगळी घंटा नको."

लॅपटॉप २०११ सालचा. मुलाने हिंजवडीत नोकरी लागल्यावर स्वतःला नवा घेतला आणि हा रत्नागिरीला पाठवून दिला. अण्णांनी त्यावर घराण्याचा कुलवृत्तांत टाइप करायला घेतला. सहावी पिढी संपून सातवी सुरू झाली की लॅपटॉप बंद पडतो. सातव्या पिढीतले चार भाऊ आजवर अनेकदा जन्मले आणि सेव्ह होण्याआधीच वारले. भाऊबंदांत याची कुजबुज आहे, कारण कलमांच्या बागेची वाटणी नेमकी त्याच पिढीत झाली.

साधा माणूस लॅपटॉप बंद पडला की वैतागतो. अण्णा वही काढतात. ही वही म्हणजे त्यांच्या आयुष्याचं मुख्य काम. कुलवृत्तांत हे निमित्त. आडवी, लांब पानांची, पट्टीने रेघा मारलेली. रकाने असे: तारीख, वेळ, हवामान, भरती की ओहोटी, काय चालू होतं, घरात कोण होतं, कारण. 'घरात कोण होतं' या रकान्यात काकूंचे बंधू फार वेळा आलेले दिसतात. ते कुवारबावला राहतात, स्टेशनजवळ, आणि लॅपटॉपच्या बाबतीत त्यांच्यावर आजपर्यंत काहीही शाबीत झालेलं नाही.

'कारण' हा रकाना बहुतेक ठिकाणी 'चौकशी चालू' या दोन शब्दांनी भरला आहे. पूर्ण समाधानाने भरलेली नोंद एकच: १६ मे २०२१, तौक्ते वादळ. तिच्याखाली तांबड्या शाईची दुहेरी रेघ आहे. त्या दिवशी आळीत कौलं उडाली, माड पडले, लाइट गेली ती गेलीच. पण अण्णा आजही त्या दिवसाबद्दल बोलताना प्रसन्न दिसतात. बिघाड आणि कारण एकाच दिवशी हाती लागण्याचं भाग्य त्यांना पुन्हा लाभलेलं नाही.

लॅपटॉप बंद पडताना जो निळा पडदा येतो, त्याला आपण घाबरतो. अण्णा त्याची वाट बघतात. त्यावरच्या आकड्यांत सगळं लिहिलेलं असतं, असा त्यांचा विश्वास. एरवी तो पडदा क्षणभर चमकून लॅपटॉप आपोआप पुन्हा सुरू होतो. अण्णांनी ती सोयच बंद करून टाकली आहे. आता पडदा आला की हलत नाही. मोबाइलवर फोटो काढा म्हटलं तर ऐकत नाहीत. हाताने उतरवून घेतात. शून्य, एक्स, मग शून्यांची रांग आणि शेवटी एक-ए. "एक-ए म्हणजे मेमरी," ते आमच्याकडे चष्म्यावरून बघतात. "म्हणजे रॅम. म्हणजे काय? म्हणजे खारी हवा."

मग तो सोहळा होतो. काकूंची पोळ्यांची परात पालथी घालून तिच्यावर लॅपटॉप पालथा ठेवला जातो. जानव्याचा स्क्रूड्रायव्हर न सोडता अण्णा स्वतःच वाकतात आणि मागचं झाकण उघडतात. रॅमची पट्टी दोन बाजूंचे चिमटे ढकलून तिरकी वर येते. तिच्या कडेला सोनेरी दातांची ओळ असते. अण्णा नातवाचं पांढरं खोडरबर घेऊन ती ओळ एकाच दिशेने घासतात, उलट हात मारत नाहीत. खोडरबरावर काळसर डाग उमटला की तो सगळ्यांना दाखवतात. "बघ. हा अरबी समुद्र." चुरा ब्रशने झाडतात, फुंकर मारू देत नाहीत, तोंडातली वाफ लागते म्हणून. पट्टी बसवली की लॅपटॉप सुरू होतो, आणि अण्णांचा चेहरा उतरतो.

पुढे पंखा. जाळीत धूळ, तिच्यात मुंग्यांचं बिऱ्हाड, आणि प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खडूसारखी झालेली. पंख्याला वारा ओढता येत नाही, पेस्टला उष्णता पुढे ढकलता येत नाही, आणि प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोचला की स्वतःच काम थांबवतो, जळून जाऊ नये म्हणून. अण्णांना याचं कौतुक आहे. "तो बंद पडत नाही, स्वतःला सांभाळतो. खात्यात असता तर कुठल्या कुठे गेला असता."

नेटचा विषय स्वतंत्र. राउटर माजघरात, अण्णा पडवीत, मध्ये दीड फुटाची चिऱ्याची भिंत. मुलाने आणून बसवलेला राउटर दोन लहरी सोडतो, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झच्या. पाचवाली वेगवान, पण भिंतीपुढे नांगी टाकते. आणि अण्णांचा लॅपटॉप तर फक्त २.४ची ओळखतो; ती भिंत ओलांडते, पण दमून येते. त्यात जांभा सच्छिद्र. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, त्यातला बराच अण्णांच्या भिंतीत मुरतो, आणि पाणी या लहरी पिऊन टाकतं. "आषाढ-श्रावणात मला रेंज का नाही, ते कळलं?" अण्णा विचारतात. कळलेलं असतं. मग खुर्ची माजघरात का नेत नाही, असं विचारलं तर म्हणतात, "मग भिंतीचं काय?"

शिवाय लॅपटॉपची वायफायची तार पडद्याच्या चौकटीत असते आणि बिजागरातून खाली येते. बिजागर सैल झालं की तार आत कुठेतरी ताणली जाते. अण्णांनी प्रयोग करून एक कोन शोधला आहे. पडदा त्या कोनात राहिला तरच नेट चालतं. त्यासाठी मागे टेकू लागतो, आणि जाडीला बरोबर बसणारी वस्तू घरात एकच: दाते पंचांग. त्यामुळे काकूंनी एकादशी बघायला पंचांग उचललं की अण्णांचं नेट जातं. वहीत अशा नोंदींपुढे 'कारण: धार्मिक' असं लिहिलेलं आहे.

काकूंची स्वतःची एक पद्धत आहे. स्वयंपाकघरातून त्या ओरडतात, "बंद करून परत लावा." दहातल्या नऊ वेळा एवढ्याने काम होतं, आणि हेच अण्णांना सहन होत नाही. "तू पुरावा नष्ट करतेस," ते म्हणतात. काकू म्हणतात, "मला पुरावा नको, लाइटचं बिल भरायचंय."

मुलगा पुण्याहून फोन करतो. "बाबा, एक सॉफ्टवेअर घ्या, मी इथून तुमचा पडदा बघतो." त्यासाठी नेट लागतं. नेट सुरू व्हायला पंचांग लागतं. पंचांग काकूंकडे असतं. शेवटी तो म्हणतो, "नवीनच पाठवतो." आणि खरोखर पाठवला. तो काकूंनी घेतला. भजनी मंडळाच्या चाली त्यावर ऐकतात. त्याच्याबद्दल अण्णांचं मत विचारलं तर म्हणतात, "चालतो. त्यात बघण्यासारखं काही नाही."

आळीतल्या एका टवाळाने त्यांना एकदा डिवचलं. "अण्णा, ब्रह्मदेशचा थिबा राजा १८८६ साली इथे आला, १९१६ साली गेला. तीस वर्षं काढली त्याने या हवेत. तुमच्या लॅपटॉपला पंधरा निघत नाहीत?"

अण्णा शांतपणे म्हणाले, "त्याची बॅटरी काढलेली नव्हती."

हा मुद्दा महत्त्वाचा. लॅपटॉपची बॅटरी फुगली तेव्हा अण्णांनी ती काढून टाकली. तेव्हापासून तो नुसत्या चार्जरवर चालतो. लाइट गेली की तोही जातो. आत घड्याळासाठी एक नाण्याएवढा सेल असतो, तोही मेलेला. त्यामुळे लाइट परत आली की लॅपटॉपमध्ये १ जानेवारी २०११ उजाडते. आता कोणतीही बँकेची साइट उघडायची तर तिच्या प्रमाणपत्राची मुदत लॅपटॉप आपल्या घड्याळाशी ताडून बघतो. २०११मध्ये बसलेल्या लॅपटॉपला आजचं प्रमाणपत्र अजून जन्मलेलंच दिसत नाही, म्हणून तो 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणत दार लावून घेतो. अण्णांचं पेन्शन दिसत नाही. पण त्यांची तक्रार नाही. "बरोबरच आहे. १ जानेवारी २०११ला मी नोकरीत होतो. पेन्शन कशाला दाखवतील?"

एकदा काकूंच्या आग्रहावरून ते लॅपटॉप घेऊन मारुती मंदिराजवळच्या दुकानात गेले. दुकानातला पोरगा चटपटीत. त्याने झाकण उघडलं, मीटर लावलं आणि म्हणाला, "काका, सेल गेलाय."

"गेलाय ते मला २०१९ पासून माहीत आहे. का गेला?"

"काका, सेल जातात."

"माणसंही जातात रे. दाखल्यावर कारण लिहितात ना?"

पोराने गुमान नवा सेल काढून समोर ठेवला. शेजारचं गिऱ्हाईक त्यावरचा आकडा वाचून म्हणालं, "वा, २०३२पर्यंत चिंता नाही!" अण्णांनी त्याच्याकडे करुणेने पाहिलं. "ती मुदत नव्हे. २० मिलिमीटर व्यास, ३.२ जाडी. आकारावरून नाव आहे." मग सेल परत सरकवून, झाकण लावून, लॅपटॉप काखेत मारून घरी आले. सगळं माहीत होतं त्यांना. बदलायचा राहिला होता तो फक्त सेल.

शेवटी गेल्या खेपेला अण्णा मुलाकडे पुण्याला गेले असताना काकूंनी डाव साधला. लॅपटॉप त्याच पोराकडे दिला. त्याने पंखा धुतला, पेस्ट बदलली, सेल आणि नवी बॅटरी घातली, कुरकुरणारी हार्डडिस्क काढून एसएसडी बसवली, बिजागर आवळून तार सरळ केली. विंडोज ७ला १४ जानेवारी २०२०ला, ऐन भोगीच्या दिवशी, सुरक्षेचे अपडेट थांबले होते. विंडोज १०चेही नेहमीचे अपडेट २०२५च्या दिवाळीच्या तोंडावर आटोपले. आणि विंडोज ११ला टीपीएम २.० लागतं, ते या म्हाताऱ्याकडे कुठून असणार? म्हणून पोराने लिनक्स मिंट घालून दिलं. सगळं मिळून एका दुपारचं काम.

अण्णा परत आले. लॅपटॉप लावला. लागला. नेट आलं, पंचांगाशिवाय. तारीख आजची. पेन्शन दिसलं. निळा पडदा आता या घरात दिसणार नाही, हे कळल्यावर त्यांनी वही मिटली आणि चहाही अर्धा टाकला. कुलवृत्तांताची सातवी पिढी एका बैठकीत टाइप होऊन सेव्ह झाली, चारही भाऊ जगले, आणि आठवड्याच्या आत बागेच्या वाटणीवरून चुलत्यांचे फोन सुरू झाले. अण्णा म्हणाले, "बघ. बिघडलेला होता तोवर घराण्यात शांतता होती."

तेव्हापासून अण्णा मोकळे आहेत, आणि मोकळे अण्णा आळीला परवडत नाहीत. परवा त्यांनी शेजाऱ्यांच्या इन्व्हर्टरकडे बराच वेळ पाहिलं. तेव्हा वाचकांपैकी कुणाकडे मधूनच बंद पडणारा, मधूनच नेट सोडणारा जुना लॅपटॉप असेल, तर तो कृपया रत्नागिरीला पाठवावा. चार्जर सोबत द्यावा, बॅटरी फुगलेली असल्यास आधीच काढून ठेवावी. पूर्ण बंद पडलेला मात्र पाठवू नये. त्याचं कारण लगेच सापडतं.