बोटं मोजणारे काका

भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक गाळ्यांत आवाजांची जत्राच असते. कुठे स्टीलच्या भांड्यांचं पॉलिश किंचाळत असतं, कुठे पत्रा ठोकला जात असतो, आणि मधूनच 'खटॅक-खट, खटॅक-खट' असा संथ ठेका ऐकू येतो. तिथे छपाईची ट्रेडल असते आणि ट्रेडलपाशी काका असतात. ऑफसेट आली, डिजिटल आलं, मजकूर छापायचं काम ट्रेडलच्या हातून गेलं. पण पावतीपुस्तकावर नंबर टाकायला आणि लग्नपत्रिकेवर घडीची रेघ पाडायला ती अजून लागते.

मंडळाची पावतीपुस्तकं घेऊन मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा काकांनी कागद पाहिलेच नाहीत; माझा हात पाहिला. भविष्य सांगतात की काय, म्हणून मी तळवा पुढे केला.

"अंगठी काढा. मनगटातला दोरापण."

"मी नुसता उभा राहणार आहे, काका."

"सगळे नुसते उभेच असतात हो. मग वाकतात."

'चालत्या मशिनीत हात घालायचा नाही' हा काकांचा गुरुमंत्र. ट्रेडलचा जबडा तासाला हजारभर वेळा उघडतो-मिटतो. तेवढ्यात एका हाताने झालेला कागद काढायचा, दुसऱ्याने कोरा ठेवायचा. घात करतो तो वाकडा बसलेला कागद. तो सरळ करायला बोटं धावतात, डोक्याला विचारायला थांबत नाहीत. "बसू दे वाकडा!" काका पोरावर ओरडतात, "कागद रिमाने मिळतो, बोटं सुटी मिळत नाहीत!" चालत्या यंत्रापाशी अंगाबरोबर बसणारे कपडे हवेत, असं १९४८च्या कारखाने कायद्यात लिहिलेलं होतं. काकांनी तो वाचलेला नाही, पण सैल बाह्यांचा शर्ट दिसला की विचारतात, "आज पताका कसल्या?"

कटिंग मशीनची दोन बटणं दोन्ही हातांनी एकदम दाबायची असतात. पातं उतरताना दोन्ही हात बाहेर अडकलेले बरे. एका पोराने एक बटण चिकटपट्टीने दाबून ठेवायची अक्कल चालवली. काका त्याच्याशी दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्याला खळ ढवळायला बसवलं.

छपाईच्या खिळ्यांत शिसं असतं, म्हणून साबणाने हात धुतल्याशिवाय वडापावला शिवायचं नाही. शाईत जवसाचं तेल असतं, तेव्हा पुसलेल्या चिंध्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यातच टाकायच्या. ढीग करून ठेवल्या तर आपोआप तापून पेटतात. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत पंचांग छापलं, हे काका कालच्यासारखं सांगतात. "पण पंचांगातला राहुकाळ वेगळा, प्रेसमधला वेगळा. आपला रोज जेवणानंतर. डोळा लागतो आणि हात चालूच राहतो." म्हणून दुपारी अर्धा तास ट्रेडल बंद, सगळ्यांनी पुठ्ठे चिकटवायचे.

खंडेनवमीला पातं, दाभण, ट्रेडल सगळ्यांना झेंडू. काका बराच वेळ हात जोडून उभे असतात. "जोडलेले हात आत जात नाहीत," एवढंच म्हणतात.

संध्याकाळी शटर ओढण्याआधी सगळ्यांनी हात वर करायचे. काका मोजतात : "दहा. दहा. दहा." मग पिशवी काखेत मारून स्टेशनकडे. परवा मी सोबत होतो. विरार गाडी सुटली होती, दारात मुंगीला जागा नव्हती, आणि काका धावत जाऊन दांडा पकडून त्या गर्दीत दिसेनासे झाले.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना गाठलंच. "काका, चालत्या मशिनीत हात?"

"हात कुठे घातला?" काका शाईचा डबा उघडत म्हणाले. "अख्खा गेलो ना!"

मी काही बोललो नाही. डबा धरलेली त्यांची बोटं तेवढी गुपचूप मोजली. दहा भरली.